कात्रीच्या आधी वही

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या सगळ्या ताया, मावश्या, काकू आणि आज कॉलेजला सुट्टी म्हणून घरी असलेल्या लेकी, सगळ्यांना आमचा रामराम. हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐकलं तरी चालेल. मात्र ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्यांनी रेडिओ जरा जवळ ओढा, कारण आजचं बोलणं जास्त करून त्यांच्यासाठी आहे.

आजचा विषय आहे फॅशन डिझाइनमधलं संशोधन. नाव मोठं आहे, पण घाबरू नका. गटांच्या बैठकीला गेलं की आम्हाला हल्ली दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एखादी ताई म्हणते, "पोरगी बारावी झाली, तिला फॅशन डिझाइन शिकायचंय म्हणते. कपडे शिवायला कॉलेज कशाला लागतं?" आणि वीस वर्षं मशीन चालवणारी दुसरी म्हणते, "आमच्या हातात माप बसलंय. आम्हाला कसलं आलंय संशोधन?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. म्हणून आज दोघींशी एकदमच बोलतो.

विद्यापीठात या विषयाच्या सुरुवातीला चित्र काढणं, शिवण आणि कापडाची ओळख हे सगळं असतंच. त्याच्या जोडीला कपड्याचा अभ्यास कसा करायचा तेही शिकवतात. तो अभ्यास म्हणजेच संशोधन. सोप्या भाषेत सांगायचं तर त्यात पाच कामं येतात: बघणं, विचारणं, मोजणं, तपासणं आणि लिहून ठेवणं. यातली पहिली चार कामं आपण बाया थोडीफार करतच असतो. पाचवं करत नाही, आणि तिथेच आपलं नुकसान होतं. आता एकेक काम घेऊ.

पहिलं काम बघणं. कापूस वेचायला किंवा सोयाबीन काढायला जाताना आपण काय घालतो ते आठवा. साडीवर घरातल्या माणसाचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट. डोक्याला रुमाल किंवा पदर घट्ट गुंडाळलेला. कमरेला ओटी. हा पोशाख कुठल्याही दुकानात तयार मिळत नाही आणि कोणी आपल्याला शिकवलेलाही नाही. ऊन लागू नये, पऱ्हाटीच्या काड्यांनी हात ओरबाडू नयेत, साडीला डाग पडू नयेत आणि मोबाइल ठेवायला खिसा असावा म्हणून बायांनी आपापल्या अकलेनं तो जुळवलाय. यालाच डिझाइन म्हणतात.

आता शिकणाऱ्या मुलीनं हाच पोशाख बघायचा तर कसा बघायचा? चांगला आहे की वाईट, गावंढळ आहे की फॅशनचा, हे आधी ठरवायचं नाही. काय दिसतं तेवढं लिहायचं. पुरुषाच्या मापाचा शर्ट खांद्यावरून खाली उतरतो, म्हणून बाही दोनदा दुमडावी लागते. वाकलं की छातीवरचं बटण ताणतं. शर्ट टेरिलीनचा असेल तर घाम आत कोंडतो. ओटी भरत गेली की सगळं वजन कमरेवर येतं. अशा दहा ओळी लिहिल्या की नवा कपडा कसा असावा ते त्या ओळीच सांगायला लागतात.

असं काम करणारी माणसं आपल्या जवळच आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. जुन्या लोकांना ते गृहविज्ञान महाविद्यालय म्हणून माहीत असेल. तिथे वस्त्र आणि परिधान हा वेगळा विषय शिकवला जातो, आणि शेतात राबणाऱ्या बाईचे कष्ट कमी व्हावेत म्हणून अवजारांवर आणि कपड्यांवर काम झालेलं आहे. म्हणजे कपड्याचा अभ्यास मुंबईच्या झगमगाटापुरताच नसतो. आपल्या वेचणीचाही असतो.

दुसरं काम विचारणं. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. "ताई, हा शर्ट बरा आहे का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बरा आहे की." त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारावं, "काल दिवसभरात कपड्यामुळे हात कधी थांबला? ओढ कुठे बसली? घरी आल्यावर सगळ्यात आधी अंगावरचं काय काढलं?" असं विचारलं की बाई आठवून सांगायला लागते.

विचारायचं कुणाला हेही महत्त्वाचं. सासूसमोर सुनेला विचारलं तर सून मान हलवेल, बोलणार नाही. दोघींना वेगवेगळं बसवून विचारा. लेकराला पाजणाऱ्या बाईला विचारलं तरच झंपर समोरून का उघडला पाहिजे ते कळेल. गुडघे दुखणाऱ्या आजीला विचारलं तर पायात न अडकणारं लुगडं तिला का हवं ते कळेल. ज्या बाईचा एक हात अधू आहे तिला बटण लावणं किती जड जातं ते तीच सांगेल. दुकानात तयार कपडा शिवून येतो तेव्हा यांतल्या कुणालाच कोणी विचारलेलं नसतं.

तिसरं काम मोजणं. इथे आपण जरा थांबू, कारण यात आपल्या गटांची रोजीरोटी अडकलेली आहे.

तुम्हाला आठवत असेल, २०२४-२५ या शाळेच्या वर्षी सरकारनं राज्यभर एकसारखा गणवेश द्यायचं ठरवलं होतं. कापड एका ठिकाणाहून घ्यायचं, ते ठरावीक मापांत कापून तालुक्याला पाठवायचं आणि महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायांनी ते शिवायचं, अशी ती योजना होती. बायांच्या हाताला काम मिळणार म्हणून चांगलंच वाटलं. पण शाळा सुरू झाल्यावरही अनेक ठिकाणी गणवेश पोचले नव्हते. पोचले तिथे कुणाला आखूड, कुणाला ढगळ, अशा तक्रारी राज्यभरातून वर्तमानपत्रांत छापून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं.

आता यात कोण चुकलं याची चर्चा आम्हाला करायची नाही. संशोधनाच्या नजरेनं बघितलं तर एक गोष्ट ठळक दिसते. टीप कितीही सरळ घाला, काज-बटण कितीही सुबक करा, कापड ज्या मापात कापलं ते माप तुमच्या गावच्या लेकराचं नसेल तर कपडा बसणार नाही. आणि कपडा बसला नाही की नाव खराब होतं ते शिवणाऱ्या बाईचं. कापणारा कुणाला दिसत नाही.

मग म्हणाल, सगळ्यांच्या मापांची सरासरी काढावी. तीही फसवी असते. एक हिशेब करून बघा. समजा तिसरीच्या वर्गात पाच मुलं आहेत. त्यांच्या छातीची मापं आहेत ५६, ५८, ६०, ६६ आणि ७० सेंटीमीटर. बेरीज झाली ३१०. भागिले पाच, सरासरी आली ६२. तुम्ही ६२ चे पाच शर्ट कापले. पण त्या पाचांत ६२ छातीचं लेकरू एकही नाही. दोघांना तर तो शर्ट अंगातच जाणार नाही. त्यापेक्षा ६० पर्यंतच्या तिघांना एक कटिंग आणि ६६ नि ७० वाल्या दोघांना दुसरं कटिंग केलं तर पाचही लेकरं कपड्यात नीट बसतात. सरासरीपेक्षा सगळ्यात लहान माप कोणतं, सगळ्यात मोठं कोणतं आणि जास्त लेकरं कुठे आहेत, हे बघणं कामाचं.

मोठमोठ्या लोकांनाही हा धडा शिकावा लागला. अमेरिकेच्या हवाई दलानं १९५० मध्ये चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली. नेमका आकडा ४,०६३. विमानातली बसायची जागा सरासरी माणसाच्या मापाची करावी असा विचार होता. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकानं त्यांतली दहा मापं निवडून तपासलं, की दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती? उत्तर आलं, एकही नाही. मग पुढे-मागे सरकणाऱ्या बैठका आल्या. म्हणजे माणसाला कपड्यात कोंबण्यापेक्षा कपड्यालाच जागा ठेवावी लागते. आपल्या आया परकराला नाडी आणि लेकराच्या झबल्याला बंद लावायच्या ते याच शहाणपणातून.

मोजण्यातला आणखी एक प्रश्न आहे: माप घेतलं ते कुणाचं? तयार कपड्यांची मापं ठरवावीत म्हणून अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गृहअर्थशास्त्र विभागानं सुमारे १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली आणि १९४१ मध्ये तो अभ्यास छापला. काम फार मोठं होतं. पण हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या बायका. बाकीच्यांची अंगं त्या आकड्यांत आलीच नाहीत. आपल्या देशातही तयार कपड्यांसाठी भारतीय मापं हवीत म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेनं 'इंडियासाइज' नावाचं काम हाती घेतलं. देशातल्या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५,००० लोकांची मापं यंत्रानं घ्यायची अशी त्याची आखणी होती. काम चांगलंच आहे. पण ऐकताना तुमच्याही लक्षात आलं असेल, त्यात किनवटच्या तांड्यावरची आजी नाही, औशाची वेचणीवाली नाही आणि दहा वर्षांचं लेकरू तर नाहीच. त्यांची मापं घ्यायला दुसरं कोणी येईल याची वाट कशाला बघायची? टेप आपल्याही हातात आहे.

तर शाळेतल्या लेकरांचं माप कसं घ्यायचं ते ऐका. दोघींनी मिळून जायचं. एकीनं मोजायचं, दुसरीनं लिहायचं, आणि लिहिलेलं मोठ्यानं परत वाचायचं. प्रत्येक माप दोनदा घ्यायचं. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला तर तिसऱ्यांदा. लेकराला भिंतीला पाठ लावून सरळ उभं करायचं, स्वेटर काढायला लावायचा. मुलींची मापं बाईनंच आणि शिक्षिकेच्या समोर घ्यायची. आधी अंगाचं खरं माप लिहायचं. ढिल किती ठेवायची, वाढत्या वयासाठी दाब किती सोडायचा, ते वेगळ्या रकान्यात लिहायचं. खरं माप आणि ढिल एकाच आकड्यात मिसळली की पुढच्या वर्षी काहीच कळत नाही. वहीत लेकराचं नाव नसलं तरी चालतं. इयत्ता, वय, मुलगा की मुलगी आणि एक नंबर पुरे. अंगाचं माप ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे, ती गावभर व्हायला नको.

ही वही झाली की गट शाळा व्यवस्थापन समितीसमोर रिकाम्या हातानं जात नाही. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य बाया असाव्या लागतात. म्हणजे तिथे आपल्याच बाया बसलेल्या असतात. मात्र गटातली कोणी समितीवर असेल तर काम कुणाला द्यायचं ते ठरताना तिनं बाजूला बसावं. नाहीतर गावात बोल लागतो आणि तो वाजवी असतो.

याच वहीत आणखी एक पान वेळेचं करा. एका शर्टाला किती मिनिटं लागली? कॉलरला किती, बाहीला किती, काज-बटणाला किती? दोरा, बटण, वीज, इस्त्री, तालुक्याला जायचं-यायचं भाडं किती? एकीचा नको, चौघींचा आकडा घ्या. फ्री गणवेशासाठी एका मुलामागे दोन जोडांचे मिळून ६०० रुपये धरलेले असतात, त्यात कापडही आलं आणि शिलाईही आली. त्यातून आपल्या हाताची मजुरी किती उरते हे कामाला हो म्हणायच्या आधी माहीत पाहिजे. आकडा कमी असेल तर निदान कशामुळे कमी आहे ते दाखवून बोलता येतं. "परवडत नाही हो" असं नुसतं म्हटलं तर समोरचा ऐकून सोडून देतो.

चौथं काम तपासणं. कापड दुकानदाराच्या तोंडावर घ्यायचं नाही. कॉलेजात यासाठी प्रयोगशाळा असते. पण तीन परीक्षा घरीही होतात.

पहिली आटण्याची. कापडाच्या एका तुकड्यावर ५० सेंटीमीटरचा चौकोन पक्क्या पेननं आखा. नेहमी धुता तसं धुवा, वाळवा, परत मोजा. उभी बाजू ४८ भरली तर कापड शंभराला चार आटलं. असं कापड न धुता कापलं तर पहिल्या धुण्यात पँट घोट्याच्या वर गेलीच म्हणून समजा. उभं आणि आडवं वेगळं मोजा, कारण दोन्ही सारखं आटत नाही.

दुसरी रंगाची. पांढरं सुती फडकं ओलं करून कापडावर वीस वेळा घासा. फडक्याला रंग लागला तर तो रंग लेकराच्या अंगालाही लागणार आणि बादलीतल्या बाकीच्या कपड्यांनाही.

तिसरी धाग्याची. कापडातले चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर दिव्याला लावा. पदर खोचून घ्या, लेकरं लांब ठेवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख मऊ राहते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. लोकर आणि रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो. सुती म्हणून पैसे मोजले आणि मणी निघाला तर तो मणी दुकानदारासमोर ठेवायचा.

तपासणीची शिस्त काय असते याचं मोठं उदाहरण आपल्या दोन जिल्ह्यांतच आहे. आपला राष्ट्रध्वज. लातूर जिल्ह्यात उदगीरला त्याची खादी विणली जाते आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज तयार होतात. देशात असं काम करणारी ठिकाणं मोजकीच आहेत. झेंड्याचं कसं बघा: लांबी आणि उंचीचं प्रमाण तीनास दोन. नऊ मापं ठरलेली, सगळ्यात मोठं ६,३०० बाय ४,२०० मिलिमीटर आणि सगळ्यात लहान १५० बाय १०० मिलिमीटर. चक्रात आरे २४, एक कमी नाही की जास्त नाही. कापड कसं हवं, रंग किती पक्का हवा, शिलाई कशी हवी, सगळं भारतीय मानक ब्युरोनं लिहून ठेवलंय. म्हणून झेंडा कुणीही शिवला तरी झेंडाच दिसतो. आपल्या गटाच्या पिशवीला, गणवेशाला, झंपरला असं एक लिहिलेलं पान का नसावं? गटात बारा जणी शिवतात आणि बारा जणींच्या पिशव्या बारा तऱ्हेच्या निघतात, तेव्हा गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

आता पाचवं काम, लिहून ठेवणं. सुरुवातीला म्हटलं होतं, आपण कमी पडतो ते इथे.

आमच्या गटांतल्या एका ताईची मुलगी कपड्यांचा अभ्यास शिकतेय. तिला कॉलेजात काम दिलं होतं की आपल्या भागातला एक जुना कपडा निवडा आणि त्याची पूर्ण माहिती आणा. तिनं शेजारच्या तांड्यावरच्या एका आजीची फेटिया-काचळी निवडली. आजी आधी हसल्या. म्हणाल्या, "हे काय लिहून न्यायचंय?" मग बोलायला लागल्या त्या दोन दुपारी बोलत राहिल्या. घागऱ्याला कापड किती लागतं, आरसा कुठल्या टाक्यानं पक्का बसतो, कवड्या कुठे लावतात, कोणता भाग आईनं शिवून दिला होता आणि कोणता स्वतः केला. मुलीनं प्रत्येक टाक्याचा फोटो काढला, कागदावर टाका उलगडून दाखवला आणि खाली आजींचं नाव लिहिलं, त्यांना विचारून. बैठकीत तिनं ते कागद दाखवले तेव्हा तांड्यावरच्या दोघी-तिघी म्हणाल्या, "यातले दोन टाके आम्हालाही येत नाहीत." आजींच्या नातसुनेला तर आपल्या घरात हे ज्ञान आहे याचाच पत्ता नव्हता.

लिहिलेल्या कागदाची किंमत काय असते ते लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०२४ मध्ये पानचिंचोलीच्या चिंचेला, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. चिंच तर पिढ्यान् पिढ्या तिथे आहेच. पण मानांकन मागताना ती कुठे होते, कशी होते, कधीपासून होते, तिचं वेगळेपण काय, हे पुराव्यानं लिहून द्यावं लागतं. कपड्यांत पैठणीला असं मानांकन आहे. कर्नाटकात संडूरच्या लमाणी भरतकामालाही आहे. आपल्याकडच्या तांड्यांवरही हातात कला आहे, नोंद मात्र फारशी नाही. नोंद नसली की बाहेरचा माणूस येतो, फोटो काढतो, नमुना उचलतो, शहरात त्याच्या उशा आणि पर्स विकतो आणि आजीचं नाव कुठेच येत नाही.

म्हणून शिकणाऱ्या लेकींनाही एक सांगणं. कुणाच्या घरी जाऊन तिची वाकळ, चोळी, लुगडं बघाल तर आधी परवानगी घ्या. हे कशासाठी हवंय ते तिच्या भाषेत सांगा. तिनं फोटोला नाही म्हटलं तर नाही. जे लिहिलं त्याची एक प्रत तिच्या घरी द्या. आणि त्यातून उद्या काही विकलंत तर तिचा वाटा ठेवा. चांगल्या विद्यापीठात हेही संशोधनाचाच भाग म्हणून शिकवतात.

आता ज्या आईला पोरीच्या शिक्षणाची काळजी आहे तिच्यासाठी थोडं. रस्ते बरेच आहेत. आयटीआयमध्ये शिवणकामाचे आणि फॅशनचे कोर्स असतात, कमी काळात हाताला काम मिळतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाची चार वर्षांची पदवी आहे. मुंबईत महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. निफ्टला देशपातळीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत कोणते विषय आहेत याची चौकशी बारावीच्या निकालाआधीच करून ठेवा.

एखाद्या खासगी संस्थेची चकचकीत पाटी बघून लगेच पैसे भरू नका. आधी चार प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं आहे? त्याची मान्यता कागदावर दाखवा. फीबरोबर कापड, साहित्य, वही-रंग यांचा वर्षाचा खर्च किती? आणि मागच्या वर्षीच्या मुली आज काय करतात, त्यांच्यातल्या दोघींशी बोलणं करून द्याल का? जी संस्था या चार प्रश्नांची उत्तरं द्यायला कंटाळते तिथून उठून यायचं. बघा, हेही संशोधनच झालं.

आणि पोरगी शिकून आल्यावर तिनं शहरातच जायला हवं असं नाही. वीस वर्षं मशीन चालवलेल्या मावशीच्या हातात जे आहे ते पोरीच्या वहीत नाही, आणि पोरीच्या वहीत जे आहे ते मावशीच्या हातात नाही. मावशीला डोळ्यांनीच कळतं की मुंढा चुकलाय. पोरीला कळतं की चाळीस लेकरांच्या मापांतून तीन साइज कशा काढायच्या. एका गटात दोघी असल्या तर तो गट शाळेचं काम अंगावर घेऊ शकतो, दुकानाचं घेऊ शकतो.

तर या महिन्यात प्रत्येक गटानं एवढं करावं. एक शंभर पानी वही आणि एक नवी टेप गटाच्या पैशातून घ्या. जुनी टेप ताणलेली असते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. पहिल्या पानावर गटातल्या कोण काय शिवतात ते लिहा. पुढच्या पानांवर गावातल्या शाळेच्या एका वर्गाची मापं, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. मग चौघींच्या वेळेचा हिशेब. मग एका कापडाच्या तीन परीक्षा. आणि शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईकडचा एक टाका, तिच्या नावासकट. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं आणि शाळेत जाणाऱ्या लेकीनं लिहावं. शाळा जूनमध्ये सुरू होतात. मापं एप्रिलमध्ये घेतली तर कापायला आणि शिवायला वेळ मिळतो.

वही भरली की पुढच्या प्रभाग संघाच्या बैठकीला ती बरोबर आणा. वेगवेगळ्या गावांतल्या तिसरीच्या लेकरांची मापं शेजारी शेजारी ठेवून बघू. कदाचित डोंगरी भागातलं लेकरू आणि गोदाकाठचं लेकरू एकाच मापात बसेल, कदाचित बसणार नाही. आज आपल्यातल्या कुणालाच ते छातीठोक सांगता येणार नाही. वह्या समोर आल्या की सांगता येईल.

चला, चुलीवरचं उतू जायच्या आत थांबतो.